‘भाऊबंदकी’ आणि सुरतेचा तह

कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक १९०९ साली रंगभूमीवर आले. त्यास शंभरांहून अधिक वर्षे लोटली, तरी ते जुने झाले असे म्हणवत नाही. नटांच्या तीन पिढ्यांनी त्यावर आपली पारख करून घेतली. नानासाहेब फाटकांचा राघोबा आणि दुर्गाबाई खोटे यांची आनंदीबाई ज्यांनी पाहिली त्यांचे वर्णन ऐकतच आमचे बालपण गेले. अशा नाटकाविषयी नवे काही सांगण्याचा आव आम्ही आणीत नाही. आम्ही सांगणार आहोत ते त्या नाटकात काय आहे हे नव्हे, तर काय नाही हे. आणि हे ‘नसणे’ एकट्या खाडिलकरांचे नसून आपल्या साऱ्या मराठी ललित वाङ्मयाचे आहे, अशी आमची तक्रार आहे.

निमित्त असे घडले. आमचा व्यवसाय इंग्रजी शिकविण्याचा. मराठीचे एक स्नेही प्राध्यापक काही आठवडे रजेवर गेले, तेव्हा त्यांचा वर्ग आमच्या गळ्यात पडला आणि त्यांत ‘भाऊबंदकी’ वाचावयाचे होते. पहिल्या दिवशी ऐतिहासिक पार्श्वभूमी सांगताना आम्ही सहज बोलून गेलो, की पुढे राघोबादादा इंग्रजांकडे गेले व साष्टी आणि वसई त्यांनी इंग्रजांस लिहून दिली. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, साष्टी म्हणजे कुठे?” ही मुलगी घाटकोपरची. तिच्या शेजारची बोरिवलीची. आम्ही स्वतः मुलुंडास राहतो. म्हणजे साष्टी कोठे, हे विचारणारी साष्टीत जन्मलेली, ऐकणारी साष्टीत वाढलेली आणि उत्तर देणारा साष्टीत भाडे भरणारा! आम्ही फळ्यावर बेटाची आकृती काढली. दक्षिणेस माहीमची खाडी, उत्तरेस वसईची, पूर्वेस ठाण्याची. मध्ये अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड. सहासष्ट गावांची म्हणून ती साष्टी, ही व्युत्पत्तीही सांगितली. वर्ग आश्चर्यचकित झाला. आम्हांस मात्र घरी येईपर्यंत रुखरुख लागून राहिली. ‘ध चा मा’ हे तीन शब्द त्या वर्गातील प्रत्येकाला ठाऊक होते. ज्या कराराने त्यांच्या पायाखालच्या जमिनीचा धनी बदलला, तो करार एकालाही ठाऊक नव्हता.

एका अक्षराची फिरवाफिरव महाराष्ट्राने अडीचशे वर्षे लक्षात ठेवली, आणि सोळा कलमांचा तह विसरून टाकला. असे का व्हावे?

आधी नाटकाकडे वळू. खाडिलकरांच्या प्रतिभेचा जोर कोठे आहे, हे पहिल्या अंकापासून कळते. वाडा, वाड्यातील कुजबुज, सत्तेसाठी आसुसलेली स्त्री, मनाने डळमळणारा पुरुष आणि या सर्वांच्या वर न्यायाच्या काठीप्रमाणे ताठ उभा असलेला रामशास्त्री. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. रामशास्त्र्यांनी चौकशी करून राघोबांस देहान्त प्रायश्चित्त सांगितले. हा या नाटकाचा कणा. या कण्यावर खाडिलकरांनी जे मांस चढविले, ते शेक्सपियरच्या शाळेत शिकलेल्या हाताचे आहे. त्यांच्या ‘सवाई माधवरावाचा मृत्यू’ या नाटकात हॅम्लेटची सावली आहे; ‘भाऊबंदकी’त मॅक्बेथची आहे. आनंदीबाई ही लेडी मॅक्बेथची मराठी बहीण होय, हे यापूर्वी अनेकांनी दाखविले असून ते खरेही आहे. नवऱ्याच्या मनातील इच्छा त्याच्या आधी ओळखणारी, आणि तो कचरला की त्याच्या पौरुषास डिवचणारी ही स्त्री कोठून आली, हे इंग्रजी साहित्याच्या पदवीधराला शिकवावे लागत नाही.

परंतु येथेच आम्हांस अडखळावयास झाले. मॅक्बेथ आम्ही गेली पंचवीसएक वर्षे शिकवीत आलो आहो. त्याच्या चौथ्या अंकात एक लांबलचक प्रवेश आहे. खून झालेल्या राजाचा मुलगा मॅल्कम इंग्लंडच्या एडवर्ड राजाच्या आश्रयास गेला आहे; तेथे मॅक्डफ त्यास भेटतो; आणि वृद्ध सिवर्ड दहा हजार इंग्रज शिपाई घेऊन स्कॉटलंडवर निघण्यास सिद्ध आहे, अशी वार्ता कळते. हा प्रवेश विद्यार्थ्यांस कंटाळवाणा वाटतो. खरे सांगावयाचे तर आम्हांसही वाटे, आणि “हा घरी वाचा” असे सांगून आम्ही दर वर्षी पाचव्या अंकातील झोपेत चालण्याच्या प्रवेशाकडे धाव घेत असू. त्या दिवशी मात्र एकाच आठवड्यात दोन वर्गांत दोन नाटके वाचताना तो टाळलेला प्रवेश आम्हांस आडवा आला. खाडिलकरांनी राघोबांस मॅक्बेथची भूमिका दिली. ती त्यांस शोभते. पण इतिहासाने राघोबांस त्याच नाटकातील दुसरीही भूमिका दिली होती. घरच्यांनी हाकललेला, परक्या राजाच्या दारी उभा राहिलेला, आणि गादी मिळविण्यासाठी इंग्रज फौज घेऊन परतणारा मॅल्कमही राघोबाच आहे! एकाच माणसाने पहिल्या अंकात मॅक्बेथ व्हावे आणि चौथ्या अंकात मॅल्कम, असा योग शेक्सपियरच्याही वाट्यास आला नाही. खाडिलकरांच्या पुढ्यात तो आयता पडला होता, आणि त्यांनी त्यातील अर्धाच उचलला.

मॅल्कमच्या दहा हजार माणसांविषयी शेक्सपियरचा प्रेक्षक बेचैन का होत नाही, हेही पाहण्याजोगे आहे. सिवर्ड मोबदल्यात काय मागतो? काही नाही. त्याचा तरुण मुलगा युद्धात पडतो, आणि म्हातारा एवढेच विचारतो की घाव पुढच्या अंगास होता ना. खर्च कोण देणार, हमी कोणती, कोणता परगणा तोडून द्यावयाचा, याचा एक शब्दही नाटकात नाही. उलट शेवटी मॅल्कम आपल्या सरदारांस इंग्रजी पद्धतीच्या पदव्या वाटतो, आणि हा शुभशकुन म्हणून सांगितला जातो. कारण उघड आहे. हे नाटक लिहिले गेले तेव्हा इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन्ही देशांच्या गादीवर १६०३ पासून एकच राजा बसला होता. अशा राजाच्या राज्यात, एका देशाची फौज दुसऱ्या देशात शिरली यात काही वावगे आहे, असे नट तरी कसे सुचविणार? कवीचा काळ कवीच्या मुखावर अशी पट्टी बांधतो, आणि ती पट्टी आहे हे प्रेक्षकांच्या ध्यानीही येत नाही.

आता आपल्या मॅल्कमचा सिवर्ड कसा होता ते पाहू. मुंबईचे इंग्रज मुंबई बेटात अडकून पडले होते. बेट लहान, धान्य बाहेरून येई, आणि खाडीपलीकडे साष्टीची भातखाचरे दिसत असत. ती साष्टी आणि वसई हाती यावी, ही कंपनीच्या लंडनमधील संचालकांची जुनी इच्छा होती, आणि १७७२ साली पुण्यास मोस्टिन नावाचा वकील ठेवला गेला त्याच्या कामांत हेही एक होते. साष्टी मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांपासून घेतली होती. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली. या दोन्हींत सांडलेले रक्त ताजे होते. नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंनी राघोबांविरुद्ध एकजूट केली. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर गंगाबाईंस पुत्र झाला. आणि राघोबांच्या पेशवाईचा पायाच नाहीसा झाला. ते गुजरातेकडे सरकले व सुरतेच्या इंग्रजांशी बोलणी करू लागले.

या बोलण्यांतील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. इंग्रजांनी साष्टी आणि वसई मागताच राघोबांनी ती देण्यास नकार दिला. पैसा देऊ, गुजरातेतील महाल देऊ. पण साष्टी-वसई नको. ज्या पुरुषास रामशास्त्र्यांनी पुतण्याच्या रक्ताबद्दल दोषी ठरविले, त्याच पुरुषास बापाच्या व चुलत्याच्या वेळी मिळविलेली ही भूमी द्यावयास जड गेले. दादासाहेबांच्या मनाचा हा कोपरा कोणाही मराठी नाटककाराने अद्याप उजळलेला नाही.

इंग्रजांनी त्यांच्या होकाराची वाट पाहिलीच नाही. पोर्तुगीजांचे आरमार साष्टी परत घेण्यास येत आहे, तेव्हा ती त्यांच्या हाती जाण्यापेक्षा आपण घेतलेली बरी, असे निमित्त करून मुंबईकरांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यास वेढा दिला. गव्हर्नर हॉर्नबी, सेनानी गॉर्डन. वेढ्यात आरमाराचा अधिकारी वॉटसन प्राणांतिक जखमी झाला. २७ तारखेचा हल्ला फसला. २८ तारखेस किल्ला पडला, आणि आतील शिबंदीपैकी बहुतेकांची कत्तल झाली. वर्सोव्याचा किल्लाही याच मोहिमेत गेला. नवे वर्ष उजाडले तेव्हा सारी साष्टी इंग्रजांची होती. ठाण्याचा हा किल्ला आमच्या घरापासून दीडदोन कोसांवर आहे. इंग्रजांनी पुढे त्याचे कारागृह केले, त्यामुळे भिंतीबाहेरूनच पाहावा लागतो. त्या भिंतीजवळून लोकलने ये-जा करणाऱ्या लक्षावधी लोकांपैकी किती जणांस २८ डिसेंबर ही तारीख ठाऊक आहे, हा प्रश्न आम्ही विचारीत नाही. आम्हांसही ती पन्नाशीनंतरच नीट ठाऊक झाली.

सुरतेचा तह झाला ६ मार्च १७७५ रोजी. म्हणजे दान लिहून देण्यापूर्वी दोन महिने दान घेऊन झाले होते! त्यापूर्वी काही आठवडे महीच्या काठी राघोबांच्या सैन्याची दाणादाण झाली होती. ते खंबायतेस पळाले, तेथील इंग्रज अधिकारी मॅलेट याच्या साहाय्याने भावनगरास गेले आणि तेथून समुद्रमार्गे सुरतेस आले. (हाच मॅलेट पुढे पुण्यास इंग्रजांचा वकील म्हणून आला. मराठी राज्यास या गृहस्थाचा शेजार असा वारंवार घडला.) तहात ठरले ते असे: इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावी, तीत निदान सातशे गोरे असावेत, राघोबांनी दरमहा दीड लाख रुपये द्यावेत, साष्टी, वसई, मुंबईलगतची बेटे, जंबुसर व ओलपाड हे परगणे तोडून द्यावेत, भडोचच्या उत्पन्नाचा हिस्सा द्यावा, आणि रोख पैसा नसल्याने हमी म्हणून सहा लाखांचे जवाहीर इंग्रजांच्या हाती ठेवावे. अटकेपार घोडे नेणारा हा पुरुष. १७५८ साली लाहोर घेतल्यावर ज्यास लोक राघोभरारी म्हणू लागले, तो सुरतेच्या वखारीत स्वतःचे दागिने गहाण टाकीत आहे. आनंदीबाई त्या वेळी धारच्या किल्ल्यात आहेत. जानेवारीतच त्यांस मुलगा झाला आहे. तोच पुढे दुसरा बाजीराव, आणि त्यानेही १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईस असाच एक तह केला.

तहानंतरची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती पाठ्यपुस्तकांतून असते. मे १७७५ मध्ये अडासची लढाई झाली. कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाने मुंबईकरांचे कृत्य बेकायदा व अन्यायाचे ठरविले, आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह करविला. त्यात राघोबांस सोडून दिले. साष्टी सोडली नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावास इंग्रजांची फजिती झाली आणि त्यांनी साष्टी परत करण्याचे कबूल केले. मग तो करारच अमान्य केला. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत आली. राघोबांच्या वाट्यास दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक आली. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. पुढील वर्षाच्या डिसेंबरात कोपरगावाकडे राघोबा वारले. तहामागून तह झाले, अटी फिरल्या, पक्ष बदलले, ज्याच्यासाठी म्हणून सारे केले तो मनुष्यही टाकून दिला गेला. परंतु साष्टी कोणत्याही टाकीत हलली नाही. यापरते उपरोधिक कथानक आम्हांस तरी दुसरे ठाऊक नाही.

मग हे कथानक रंगभूमीवर का येऊ नये? खाडिलकरांपुरते उत्तर सोपे आहे. १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा सरकारच्या हाती होता. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली आले आणि १९१० साली त्यावर बंदी पडली. लोकमान्य १९०८ पासून मंडालेस होते. अशा वेळी कंपनीने ठाण्याचा किल्ला कसा घेतला हे रंगभूमीवर दाखविणे म्हणजे पहिल्याच प्रयोगाच्या रात्री पडदा कायमचा पाडून घेणे. शिवाय १९०७ च्या डिसेंबरात सुरतेस काँग्रेस दुभंगली होती. ‘सुरत’ हा शब्दच त्या काळच्या प्रेक्षकाच्या कानास भाऊबंदकीचा वाटत असला पाहिजे, आणि घरातील फुटीने घर बुडते हे सांगण्याची निकड खाडिलकरांस अधिक भासली असेल, तर त्यात नवल नाही. शेक्सपियरच्या तोंडावरील पट्टी आणि खाडिलकरांच्या तोंडावरील पट्टी वेगवेगळ्या कापडाच्या होत्या, एवढेच.

परंतु १९४७ नंतर ही पट्टी सुटली. त्यानंतर काय झाले? १९४४ सालचा प्रभातचा ‘रामशास्त्री’ हा बोलपट त्यापूर्वीचा. त्यात ललिता पवारांची आनंदीबाई इतकी प्रभावी ठरली की कित्येकांच्या डोळ्यांपुढे आजही तीच येते. १९६२ साली रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली. या कादंबरीने दोनतीन पिढ्यांस पेशवाईचे वेड लावले. तीत राघोबांचे चित्र आहे. पण ते तापट, दुबळ्या, लोभी व मधूनच मायाळू अशा काकांचे आहे, आणि थोरल्या माधवरावांच्या मृत्यूबरोबर ती संपते. तो लेखकाच्या विषयाचा भाग झाला. त्याबद्दल दोष नाही. दोष आहे तो या गोष्टीचा, की माधवरावांच्या मृत्यूपाशी एक कादंबरी संपते, नारायणरावांच्या खुनाभोवती एक नाटक फिरते, आणि त्यापुढील नऊ वर्षे, म्हणजे ज्यांत राघोबांची व्यक्तिगत शोकांतिका महाराष्ट्राची राजकीय शोकांतिका झाली ती, ललित लेखकांस परकी राहिली.

इतिहासकारांनी असा आळस केला नाही. ग्रँट डफने १८२६ मध्येच या प्रकरणाचा सविस्तर वृत्तान्त दिला. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाल्याची हकीकत त्यानेही नोंदविली आणि सुरतेच्या तहाची कलमेही सांगितली. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, सरदेसाई यांनी कागदांचे डोंगर उपसले. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग सरदेसायांनी १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत छापून काढले. म्हणजे लाकूडफाटा, माती, विटा सारे अंगणात येऊन पडले आहे. घर बांधणारा नाही. आमच्या ललित लेखकांनी या ढिगाऱ्यातून एक अक्षर उचलले, कारण ते एका बाईच्या हातचे होते. परक्याशी केलेल्या कराराचा विचार करावयाचा तर स्वतःच्या राज्यव्यवस्थेकडे पाहावे लागते; सरंजामदार, कर्ज, फौजेचा पगार, वारसाचा नियम यांचा हिशेब घ्यावा लागतो. एका दुष्ट स्त्रीवर सारे ढकलले की हा हिशेब टळतो. आनंदीबाई १७९४ पर्यंत जगल्या. नवऱ्याच्या मागे अकरा वर्षे नजरकैदेसारखी काढली. त्यांस जी शिक्षा राज्याने दिली नाही ती वाङ्मयाने दिली आहे.

आम्ही राघोबांचे वकीलपत्र घेत नाही. तथापि न्याय करावयाचा तर पूर्ण करावा. इंग्रजांची मदत घेणे हाच त्यांचा गुन्हा म्हणावा, तर त्यांचे वडील बंधू नानासाहेब यांनी १७५५-५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांविरुद्ध याच मुंबईकर इंग्रजांस हाताशी धरले आणि सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग पाडविले. मराठ्यांचे आरमार मराठ्यांच्याच पेशव्याने परक्याकडून जाळविले. नाना फडणिसांनी १७७७ मध्ये पुण्यात फ्रेंचांच्या सेंट ल्यूबिनचे स्वागत केले. परक्याशी सख्य हे त्या शतकातील नित्याचे राजकारण होते. राघोबांचा दोष वेगळा, आणि आमच्या मते अधिक खोल आहे. नानासाहेबांनी इंग्रजांस बोलाविले ते हाती सत्ता असताना; नानांनी फ्रेंचास बसवून घेतले ते इंग्रजास भिवविण्यासाठी. राघोबांपाशी देण्यास स्वतःचे असे काही उरले नव्हते, तेव्हा त्यांनी राज्याचे दिले. आणि जे आधीच लुटले गेले होते त्यास आपल्या सहीने खरेदीखताचे रूप दिले. चोराला पावती देणारा घरमालक तो हाच. ठाणे घेतल्यावर इंग्रजांपाशी तरवारीचा हक्क होता. सुरतेनंतर कागदाचा हक्क झाला, आणि पुरंदर व सालबाई येथे त्यांचे वकील त्या कागदावर बोट ठेवू शकले.

अशा सख्याची पुढच्या पिढ्या काय संभावना करतात, याचा एक दूरचा दाखला येथे आठवतो. कॉकेशस पर्वताच्या उत्तरेस काबार्दा हा चेर्केस लोकांचा प्रदेश आहे. सोळाव्या शतकात तेथील तेमर्यूक नावाच्या राजाने आपल्याच कुळातील प्रतिस्पर्धी आणि क्रिमियाचे तार्तर यांच्याविरुद्ध मॉस्कोच्या झारचा आश्रय घेतला. १५५७ साली त्याचे वकील मॉस्कोस गेले. १५६१ साली त्याच्या कन्येचे लग्न चौथ्या इव्हानशी, म्हणजे इतिहासात ज्यास ‘भीषण’ म्हणतात त्या झारशी, लागले. तिचा बाप्तिस्मा झाला व ती मारिया झाली. १५६७ मध्ये तेरेक नदीवर रशियन किल्ला उभा राहिला. मारिया १५६९ मध्ये वारली; तिचा भाऊ मिखाईल झारच्या चाकरीत मोठ्या पदास चढला, आणि १५७१ मध्ये त्याच झारने त्याचा वध करविला. तेमर्यूकने मुलगी दिली, राघोबांनी जवाहीर दिले. भाऊबंदांवर मात करण्याची किंमत दोघांनीही घरातूनच चुकविली. पण पुढे पाहा. १९५७ साली सोव्हिएत सरकारने काबार्दाच्या ‘स्वेच्छेने’ झालेल्या विलीनीकरणाची चारशे वर्षे थाटाने साजरी केली, आणि आज नाल्चिक शहरात या राजकन्येच्या आकृतीचे स्मारक उभे आहे. उलट, १८६४ मध्ये रशियाशी चाललेले दीर्घ युद्ध संपून ज्या चेर्केसांस लक्षावधींच्या संख्येने तुर्कांच्या मुलखात हाकलले गेले, त्यांचे वंशज २१ मे हा दिवस शोकाचा म्हणून पाळतात. एकाच लोकांत एकाच संबंधाचे एक स्मारक आणि एक सुतक आहे. आमच्याकडे राघोबांच्या तहाचे स्मारकही नाही, सुतकही नाही; आणि हे तिसरे आम्हांस अधिक चिंताजनक वाटते.

तहात नाट्य नसते, कलमे रंगभूमीवर बोलत नाहीत, असा आक्षेप आमच्या रजेवरून परतलेल्या स्नेह्यांनी घेतला. आक्षेप वजनदार आहे. पण दागिन्यांची मोजदाद चालली आहे, आणि प्रत्येक नगाबरोबर तो कोणाच्या अंगावर होता हे दादासाहेबांस आठवते आहे, हा प्रवेश बोलणार नाही काय? साष्टी देणार नाही असे ठामपणे सांगणाऱ्या दादासाहेबांस साष्टी आधीच गेल्याची बातमी कळते, हा क्षण कोणत्याही खुनाच्या प्रवेशाहून उणा आहे काय? ठाण्याच्या किल्ल्यातील शिबंदी कोणत्या पेशव्यासाठी मेली? पुरंदरावरील आठ महिन्यांच्या बाळासाठी की सुरतेकडे निघालेल्या दादांसाठी? या प्रश्नाहून नाट्यपूर्ण प्रश्न आम्हांस सुचत नाही.

आणि हनुमंतराव! या ब्राह्मण वकिलास राघोबांनी आपली कैफियत घेऊन विलायतेस पाठविले. बरोबर मनियार रतनजी नावाचे एक पारशी गृहस्थ व त्यांचा मुलगा होता. १७८१ साली हे तिघे लंडनास असताना एडमंड बर्कने त्यांस बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले. ब्राह्मणाचे सोवळे सांभाळले जावे म्हणून बर्कने बागेतील काचेचे हरितगृह त्यांच्या स्वाधीन केले. तेथे हनुमंतरावांनी स्वहस्ते स्वयंपाक करावा व जेवावे. हाच बर्क पुढे वॉरन हेस्टिंग्जवर सात वर्षे खटला चालविणार होता. पेशवाईतील एक हरलेला पक्ष, त्याचा समुद्र ओलांडलेला वकील, इंग्लंडचा सर्वांत मोठा वक्ता, आणि मध्ये काचेच्या घरात पेटलेली चूल. पुढच्याच वर्षी सालबाईस सारे ठरून गेले. इंग्रजी लेखकांच्या पत्रव्यवहारांतून व चरित्रांतून हा प्रसंग येतो. मराठीत त्यावर एखादी एकांकिकाही आमच्या पाहण्यात नाही.

साष्टी कोठे असे विचारणाऱ्या त्या मुलीने सत्राच्या शेवटी एक प्रवेश लिहून आणला. त्यात आनंदीबाई नाही. ठाण्याचा किल्लेदार आहे, पाण्यापलीकडे इंग्रजांचे दिवे आहेत, आणि दोन पेशव्यांकडून दोन पत्रांची वाट पाहिली जात आहे. भाषा कच्ची आहे. किल्लेदार मधूनच आजच्या वर्तमानपत्रासारखा बोलतो. पोर्तुगीज आरमाराची भानगड तिला नीट जुळवता आलेली नाही. आम्ही तिच्या कागदाच्या समासात दुरुस्त्या लिहून दिल्या, आणि राघोबांचे एक भाषण काढून टाकण्यास सांगितले. ते तिने काढलेले नाही.